सूरकाकांच्या टेपचं शेपूट

फोन आला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि कात्रीताई चहात बिस्किट बुडवत होत्या. रेडिओवरच्या संध्याकाळच्या प्रसारण-सभेचं सगळं काम हातावेगळं झालं होतं. सात वाजता बारा मिनिटांचं भाषण, मग एका कवींचं काव्यवाचन, मग अर्धा तास शास्त्रीय गायन, आठ वाजता बातम्या. कवी आणि गायिका प्रत्यक्ष येणार होते. भाषणाची टेप कापून, जोडून, डब्यात घालून, डब्यावर चिठ्ठी लावून तयार होती. अशा वेळी चहा गोड लागतो.

कात्रीताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडिओ केंद्रात बावीस वर्षं त्या टेपा कापत होत्या, आणि कापायच्या ब्लेडने, कात्रीने नाही. पण नाव ठेवणाऱ्यांना तेवढी चौकशी करायची सवड नसते. माणूस बोलता बोलता खोकला, अडखळला, "म्हणजे काय की" म्हणाला, पाण्याचा घोट घेतला, की कात्रीताईंचं ब्लेड चालायचं. वक्त्याच्या तोंडून अडखळत निघालेलं भाषण श्रोत्याच्या कानात तुपासारखं उतरायचं. श्रेय वक्त्याला मिळायचं. ताईंची तक्रार नव्हती, निदान रोज नव्हती.

"ताई, मी बोलतेय. सूरकाकांची मुलगी."

सूरकाका म्हणजे केंद्राची वाद्यं जुळवणारे. महिन्यातून एकदा यायचे, पियानोचं झाकण उघडून आत डोकं घालायचे आणि तासाभराने बाहेर काढायचे. तंबोऱ्याच्या तारा बदलायचे. केंद्रातला शिपाईदेखील त्यांना घरचाच माणूस समजायचा. आज सातचं भाषण त्यांचंच होतं, 'बिघडलेला सूर'. गेल्या आठवड्यात इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी येऊन त्यांनी ते बोलून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ होती, इलाज नव्हता. सूरकाका जगले, पण त्यांचा आवाज गेला तो गेलाच.

"कसे आहेत काका?" ताईंनी विचारलं.

"बरे आहेत. कागदावर लिहून दाखवतात. सकाळपासून एकच लिहितायत. आईला म्हणतायत, शेवटपर्यंत ऐक, मध्ये उठू नकोस, तुझं शेवटी आहे." मुलगी जरा हसली. "मला आत्ता सगळं लिहून सांगितलं. भाषण संपल्यावर आईसाठी मुद्दाम काहीतरी बोलून ठेवलंय. घरातलंच. आधी सांगितलं असतं तर म्हणे तुमच्या ऑफिसात त्याची फाईल झाली असती. म्हणून गुपचूप बोलले. ताई, ते लागेल ना? तेवढं विचारायला फोन केला."

ताईंच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून तळाला गेलं.

"लागेल," त्या म्हणाल्या. "सात वाजता रेडिओ लावा."

त्यांनी फोन ठेवला. लागणार कुठून? ते त्यांनी कापून टाकलं होतं.

त्यांना सगळं लख्ख आठवत होतं, तीच तर शरमेची गोष्ट. भाषण 'नमस्कार' म्हणून संपलं, खुर्ची करकरली, आणि मग सूरकाकांचा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?" ताईंना हसू फुटलं. म्हाताऱ्याला ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा चालू असल्याचं भान नाही, घरीच बसल्यासारखा बोलतोय! पुढचं नीट ऐकलंसुद्धा नाही. 'नमस्कार'च्या मागे पिवळ्या पेन्सिलीने खूण केली, ब्लेड फिरवलं आणि पुढची सगळी टेप चक्रावरून उतरवून टोपलीत टाकली. वर दुपारी चहाच्या वेळी चार जणांत नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले. माणसाने आपला शेवटचा आवाज बायकोसाठी ठेवला होता, आणि ताईंनी त्याचा विनोद करून वाटला होता.

टोपलीतले कपटे आठवडाभर साठतात, मग गोणीत भरले जातात, आणि गोणी मागच्या अंगणात जाळली जाते. कधी, ते मावशींना ठाऊक. मावशी म्हणजे केंद्राची झाडलोट करणाऱ्या बाई. त्या जिन्याखाली चपला घालत होत्या.

"मावशी, टेपांची गोणी जाळलीत?"

"आज जाळणार होते," मावशी म्हणाल्या. "काडेपेटी ओली निघाली. आता उद्या. का हो, तोंड का असं उतरलंय?"

"कुठं आहे गोणी?"

"तळघरात. पायानं दाबदाबून भरलीय, जागाच पुरत नव्हती. तुम्ही कापताय तरी किती!"

तळघरात एकच दिवा होता. ताईंनी गोणी उलटी केली आणि गुडघाभर तपकिरी भेंडोळं जमिनीवर पसरलं. आठवड्याभराचे खोकले, श्वास, चुका, आवंढे. मावशी कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या.

"यात काय शोधायचं?"

"लांब पट्टी. बाकी सगळे तुकडे वीतभर, हातभर. हा तुकडा या खोलीला चार फेऱ्या घालेल एवढा लांब."

"मग तो सापडायला काय वेळ लागतोय?" असं म्हणून मावशी खाली बसल्या, आणि तासभर उठल्या नाहीत. बोलायला सोपं होतं. टेपेला टेप गुंतलेली, ओढावं तर तुटेल, सोडावं तर घड्याळ पळतंय. ताईंच्या बोटांना कापायची सवय, सोडवायची नव्हती. दोनदा त्यांनी लांब पट्टी म्हणून ओढून काढली ती भलतीच निघाली. मावशी मात्र केसांचा गुंता सोडवावा तशा शांतपणे एकेक पदर बाजूला करत होत्या. आणि सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनीच एक टोक वर धरलं.

"ही बघा. संपतच नाहीये."

टोकावर पिवळ्या पेन्सिलीची खूण होती. ताईंना रडू यायला लागलं, पण रडायला वेळ नव्हता. पट्टी दोन ठिकाणी तुटली होती, मावशींच्या पायाखाली आली असणार. तिन्ही तुकडे गळ्यात अडकवून ताई जिना चढल्या.

वर येऊन त्यांनी तुकडे टेप जोडायच्या खाचेच्या पट्टीवर बसवले, चिकटपट्टी लावली, नखाने घासली. टेप चक्रावर चढवून बटण दाबलं. सूरकाका बोलले. आवाज जागच्या जागी होता. स्टॉपवॉचने मोजलं तर एक मिनिट पन्नास सेकंद.

आता दुसरं संकट. त्याचं नाव मिनिटसाहेब.

मिनिटसाहेब म्हणजे संध्याकाळच्या पाळीचे ड्यूटी ऑफिसर. माणूस वाईट नव्हता. पण जगात देवानंतर त्यांचा विश्वास फक्त घड्याळावर, आणि देवालाही त्यांनी उशिराबद्दल मेमो दिला असता. ताईंनी त्यांना खोलीत बोलावून सगळं सांगितलं. आपण कापलं हेही सांगितलं, नक्कल केली हेही सांगितलं. साहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "लावा."

टेप फिरली. सूरकाका म्हणाले, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?" आणि गप्प झाले. चार सेकंद, पाच सेकंद नुसती खरखर. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. मग, "हां, सापडला." पुन्हा शांतता. "चहा टाकतेस का? अर्धाच कप." पुन्हा तेच. एके ठिकाणी तर टेप वीस सेकंद मुकी फिरत राहिली. साहेबांनी यंत्र बंद केलं.

"ताई, मला हृदय नाही असं समजू नका. माझ्या घरच्या पेटीचे सूरही काकाच लावतात. पण रेडिओवर वीस सेकंद शांतता म्हणजे लोक समजणार केंद्र बंद पडलं. लोक फोन करतील, मोठे साहेब फोन करतील."

"मग?"

"कवींच्या परिचयातले पंचेचाळीस सेकंद देतो. कवींना कळणारही नाही, परिचय त्यांनीच लिहिलाय. तुम्ही मधल्या शांतता कापा. नुसतं बोलणं चाळीस सेकंदांत बसतंय. काकांचा आवाज लागेल, त्यांच्या बायकोचं समाधान होईल, सभा वेळेवर राहील. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. शांतता कापणं हे तर ताईंचं रोजचं काम. सहा चाळीसला त्या ब्लेड घेऊन बसल्या. पहिली रिकामी जागा काढण्यासाठी टेप हळूहळू फिरवू लागल्या.

"अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?"

"कपाळावर असेल तुमच्या," ताई तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या. घरी नवरा हेच विचारतो आणि त्या हेच सांगतात, सवयीने तोंडातून गेलं.

"हां, सापडला," सूरकाका म्हणाले.

ताईंचा हात थांबला.

त्यांनी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. "चहा टाकतेस का? अर्धाच कप." खरखर. एवढ्यात घरची कुठलीही बाई काय म्हणेल? आत्ताच तर घेतलात, म्हणेल. झोप येत नाही मग रात्री, म्हणेल. सात सेकंदांनी सूरकाका पडेल आवाजात म्हणाले, "बरं बाई, तू म्हणशील तसं." खिडकीची कडी लावलीस का, याच्यापुढे चार सेकंद. "मग रात्रभर वाजत काय होतं?" याच्यापुढे सहा. आणि "कुणाचा फोन होता गं?" याच्यापुढे सबंध वीस सेकंद, आणि त्यानंतर सूरकाकांचं हसू, "एवढंच सांगायला एवढा वेळ?"

ही शांतता नव्हतीच. म्हातारा बायकोच्या वाटचं बोलणं सोडून बोलला होता. कोणत्या प्रश्नाला ती किती वेळ घेते, याचं माप त्याच्या कानात पक्कं बसलेलं, तारेचा सूर बसावा तसं. लाल दिव्याखाली एकटा बसून त्याने तिची उत्तरं मनात ऐकली होती आणि ती संपल्यावरच पुढचं वाक्य बोलला होता. यातली एक रिकामी जागा जरी काढली, तरी म्हातारी बोलायला तोंड उघडेपर्यंत तो पुढे गेलेला असेल. आठ दिवसांपूर्वी ताईंनी त्याचं बोलणं कापलं होतं. आता तिचं कापायला बसल्या होत्या.

ब्लेड त्यांनी खाली ठेवलं. पण घड्याळ काही खाली ठेवता येत नव्हतं. एकशे दहा सेकंद हवेत, हातात पंचेचाळीस. पासष्ट कुठून आणायचे? गायिका आत तंबोरा लावून बसल्या होत्या, त्यांना जाऊन सांगावं तर साहेबांना कळणार. मूळ भाषणातलं कापावं, तर सूरकाकांचं एकही वाक्य फुकटचं नव्हतं. एक परिच्छेद सोडून.

तो परिच्छेद प्रत्येक भाषणात असतो. केंद्राचे आभार, केंद्राच्या मोठ्या साहेबांचे आभार, त्यांच्या रसिकतेचे, मार्गदर्शनाचे आणि दूरदृष्टीचे आभार. छापील कागदच मिळतो, वक्ता तेवढा वाचतो. सूरकाकांनीही कंटाळलेल्या आवाजात वाचला होता. मोठे साहेब घरी बसून फक्त तेवढाच भाग लक्ष देऊन ऐकतात, असं सगळं केंद्र म्हणायचं. मागे एका पोऱ्यागत नव्या निवेदकाने तो भाग गाळला, तर महिन्याभरात त्याची बदली झाली होती. म्हणून त्या परिच्छेदाला आजवर कुणी ब्लेड लावलं नव्हतं.

ताईंनी मोजला. एक मिनिट आठ सेकंद.

सहा त्रेपन्न झाले होते. ताईंनी दोन्हीकडे पिवळी खूण केली आणि एका झटक्यात मोठ्या साहेबांची दूरदृष्टी कापून टोपलीत टाकली. टोकं जुळवली. 'नमस्कार'च्या मागे शेपूट जोडलं, अख्खं, एक श्वासही न काढता. सहा अठ्ठावन्नला टेप कंट्रोल रूममधल्या यंत्रावर चढली. साहेबांनी विचारलं, "बसलं?" त्या म्हणाल्या, "बसलं." खोटं नव्हतं.

सातला भाषण सुरू झालं. ताई साहेबांच्या शेजारी उभ्या होत्या, बसवेना. दहाव्या मिनिटाला टेबलावरचा फोन लुकलुकला. सूरकाकांची मुलगी होती. "ताई, आम्ही ऐकतोय. वॉर्डातला फोन खाटेजवळच आहे. आई अगदी रेडिओला कान लावून बसलीय." ताई म्हणाल्या, "ठेवू नकोस. असाच राहू दे." रिसीव्हर त्यांनी हातातच धरला.

साहेबांच्या लक्षात आलं ते आभारांच्या जागी आभार न आल्यावर. त्यांनी ताईंकडे पाहिलं, मग स्टॉपवॉचकडे, मग पुन्हा ताईंकडे. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"ताई, आभार?"

"टोपलीत आहेत."

"अहो, माझी नोकरी..."

"माझी सही आहे टेपेवर. माझी जाईल."

"नमस्कार," सूरकाका म्हणाले. खुर्ची करकरली. "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?"

आणि खरखर सुरू झाली. एक सेकंद, दोन सेकंद. साहेबांचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. त्यांचा दोष नव्हता, वीस वर्षांत शांतता ऐकली की हात आपोआप तिकडे जायचा. ताईंनी त्यांचं मनगट धरलं. असं कुणाचं मनगट त्यांनी आयुष्यात धरलं नव्हतं. दुसऱ्या हाताने रिसीव्हर त्यांच्या कानापाशी नेला आणि आपलंही डोकं त्याला लावलं.

तिकडून आधी काहीच आलं नाही. दबलेला एक हुंदका तेवढा. चष्म्याची जागा रिकामी गेली. "हां, सापडला," सूरकाका म्हणाले, आणि ताईंना वाटलं, चुकलंच आपलं, बाई बोलणारच नाही, लोकांदेखत रेडिओशी कोण बोलेल.

"चहा टाकतेस का? अर्धाच कप."

"आत्ताच तर झाला!" फोनमधून एकदम आवाज आला, म्हातारा, घोगरा, रागीट. "अर्धा अर्धा करत दिवसाला सहा होतात तुमचे. मग रात्री जागत बसता."

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

साहेबांच्या हातातला जोर गेला. ताईंनी मनगट सोडलं नाही.

कडी तिने लावली होती, स्वतःच्या हाताने लावली होती. वाजत होतं ते शेजाऱ्यांचं दार. दोन्ही उत्तरं अशी नेमकी बसली, की साहेबांनी नकळत स्टॉपवॉचकडे पाहिलं.

"कुणाचा फोन होता गं?"

वीस सेकंदांची खरखर सुरू झाली. केंद्र बंद पडल्यासारखं वाटत असणार साऱ्या गावाला. बाजूचा दुसरा फोन वाजायला लागला, कोण ते सांगायची गरज नव्हती. साहेबांनी तो उचलला नाही. ते इकडे ऐकत होते.

"तुमच्या बहिणीचा होता," म्हातारी सांगत होती, "म्हणाली दादाला म्हणावं काळजी करू नकोस, आणि म्हणाली मी येते रविवारी, मग म्हणाली रविवारी जमत नाही, सोमवारी येते, मग तिच्या सुनेचं सांगत बसली, मग म्हणाली की दादाचा आवाज..." तिथे ती थांबली. दम खाल्ला. "म्हणाली की येते सोमवारी."

सूरकाका हसले. "एवढंच सांगायला एवढा वेळ?"

फोनमधूनही हसू आलं, त्यात रडूही होतं. दुसरा फोन वाजायचा थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

मग टेपेवर खुर्ची पुन्हा करकरली. सूरकाका उभे राहिले असणार. रोज सकाळी हत्यारांची पेटी उचलून कामावर निघताना दारातून बोलत असतील तसं ते म्हणाले, "बरं, येतो गं मी."

"सावकाश या," म्हातारी म्हणाली. चाळीस वर्षांची सवय, विचार करायलाही ती थांबली नाही. टेप मुकी फिरत राहिली. शेवटचे आठ सेकंद होते. फोनमधून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, स्टूल खाटेजवळ ओढलं असावं, आणि मग ती पुन्हा बोलली, पण आता रेडिओशी नाही.

"नाही, आज नको. आज कुठंही जायचं नाही. हात द्या इकडे."

टेपेचं टोक चक्रावरून सुटून फटफट फिरायला लागलं. काचेपलीकडे कवी कागद सावरून सुरू करायच्या दिव्याची वाट पाहत होते. साहेब अजून फोनच ऐकत होते; त्यांनी द्यायचा दिवा ताईंनी दिला.